नोंदी ठेवणाऱ्यांना निकालात काढू नका

आज दुपारी एक ऑनलाइन चर्चासत्र ऐकलं. विषय माहितीशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतले नवे प्रवाह. वक्ते अभ्यासू होते, पहिला अर्धा तास खरोखर चांगला झाला. मग म्हणाले, "तालिकीकरणावर माणसं आणि वेळ घालवण्यात आता अर्थ राहिलेला नाही. मशीन सगळं वाचतं, सगळं शोधून देतं." तालिकीकरण म्हणजे पुस्तकं आणि लेखांची लेखक, विषय लावून नीट नोंद ठेवणं, आम्हा ग्रंथपालांचं काम. तरी त्यांच्या या वाक्यावर चॅटमध्ये टाळ्यांचे इमोजी पडले, आणि ते टाकणाऱ्यांत कितीतरी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल! तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्ट लांबणार आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मध्यंतरी पीएचडी करणारी एक मुलगी आली. हुशार, कष्टाळू. हातात संदर्भांची छापील यादी, आणि त्यातला एक लेख काही केल्या मिळेना. लेखकाचं नाव खरं, त्या विषयात मान असलेलं. नियतकालिक खरं, त्याचे बांधीव खंड आमच्याकडे आहेत. खंड काढला, पान उघडलं, तर तिथे भलत्याच विषयावरच्या लेखाचा मधला भाग. ती म्हणाली, "पण मॅडम, डीओआय दिलाय ना." डीओआय म्हणजे प्रत्येक लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक. तो टाकला तर तिसराच लेख उघडला. यादी चॅटबॉटने दिलेली होती. मग आम्ही दोघी एकेक संदर्भ तपासत बसलो. काही खरे निघाले, काही अर्धे खरे, काही कुणी कधी लिहिलेलेच नव्हते.

हे असं होतं ते या यंत्रांच्या घडणीमुळे. 2017 साली ट्रान्सफॉर्मर नावाची मॉडेलची रचना आली, त्यावर आजची भाषिक मॉडेल्स उभी आहेत, आणि मुळात ती पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधतात. आडनाव, वर्ष, शीर्षक, खंड, पान हा साचा त्यांना तोंडपाठ असतो आणि त्यात बसेल ते ती भरतात. मेटाने नोव्हेंबर 2022 मध्ये खास शास्त्रीय साहित्यावर शिकवलेलं गॅलॅक्टिका हे भाषिक मॉडेल लोकांसाठी खुलं केलं आणि तीन दिवसांत मागे घेतलं, कारण ते खोटी माहिती आणि खोटे संदर्भ ठामपणे देत होतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि 5,000 डॉलरचा दंड झाला. तिथे निदान न्यायाधीशांनी तपासलं. त्या मुलीच्या यादीला न्यायाधीश कोण होता? तो बांधीव खंड आणि त्याची नीट ठेवलेली नोंद.

हो, आता आधी शोधून मग उत्तर देणाऱ्या पद्धती आल्यात आणि त्या बऱ्याच बऱ्या आहेत, मान्य. पण शोधतात कशात? कुणीतरी केलेल्या नोंदींत आणि कुणीतरी जपलेल्या मजकुरातच ना! एकाच आद्याक्षरांचे, एकाच आडनावाचे दोन संशोधक असतात. एकच बाई लग्नाआधी एका नावाने आणि नंतर दुसऱ्या नावाने लिहिते. हे दोघे वेगळे आणि ही बाई एकच, हे कुणीतरी प्रस्तावना वाचून, जुनी पत्रं चाळून ठरवतं आणि नोंदीत लिहून ठेवतं. माझी एक सहकारी एका नावासाठी अख्खी दुपार घालवते. तिच्या त्या दुपारीला आज एक माणूस बिनकामाचं म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

याच भाषणात आल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीचं कौतुक झालं. करावंच, प्रथिनांची रचना ओळखण्याच्या त्या कामाला 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या नोंदींच्या साठ्यावर. 1971 मध्ये अवघ्या सात रचनांपासून सुरू झालेली ही बँक अर्धं शतक लोकांनी तपासून, ठरलेल्या नमुन्यात, सर्वांना खुली ठेवली. प्रयोगशाळांनी काढलेल्या रचना तिथे नीट जमा नसत्या तर आल्फाफोल्ड शिकणार कशावर होतं? चित्रं ओळखणाऱ्या यंत्रांचंही तेच. 2009 च्या इमेजनेट या चित्रसंग्रहातल्या लाखो चित्रांवर माणसांनी खुणा केल्या, आणि त्याचे वर्ग घेतले वर्डनेटमधून, जो शब्दकोश प्रिन्स्टनमध्ये 1985 पासून घडत होता. म्हणजे वर्गीकरणच! आमचंच काम! पाया ज्यांनी घातला त्यांनाच आता घराबाहेर व्हा म्हणायचं?

रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आज वक्त्यांनी तोच नियम आपल्या बाजूने वापरला, आणि मला त्या मुलीचे नसलेला लेख शोधण्यात गेलेले दिवस आठवले. ती आमच्याकडे आली म्हणून थांबलं. आली नसती तर ती यादी प्रबंधात गेली असती, प्रबंधातून दुसऱ्याच्या लेखात, आणि तिथून पुढच्या मॉडेलच्या पोटात. यंत्राने लिहिलेल्यावरच यंत्र पुन्हा पुन्हा शिकवलं तर ते बिघडत जातं, हे 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. वक्त्यांचा हेतू वाईट नव्हता, सारांश काढायला आणि परक्या भाषेतला मजकूर समजून घ्यायला ही साधनं मीही वापरते. मुलीला तर मी अजिबात दोष देत नाही. यादी पुढ्यात ठेवून ती हळूच म्हणाली होती, "हे तपासायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही." तिचा मार्गदर्शक आहे, विभाग आहे, संशोधन पद्धतीचा पेपरही ती देऊन बसलीय. तरी कुणीच सांगितलं नाही.

तर माझ्या मित्रयादीतल्या मार्गदर्शक मंडळींना विनंती. पुढच्या प्रबंधावर सही करण्याआधी त्यातले दहा तरी संदर्भ स्वतः उघडा. डीओआय टाका, शीर्षक जुळवा, पान बघा. ग्रंथालयाच्या बैठकांना जाणाऱ्यांनो, तालिकाकार निवृत्त झाला की ती जागा रद्द करायचा प्रस्ताव येतो, तेव्हा गप्प बसू नका. आणि विद्यार्थ्यांनो, कसं तपासायचं ते कळत नसेल तर मला मेसेज करा. मी शिकवीन, कुठल्याही विषयाचे असलात तरी.