‘ब्राउझर बदलून काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांत एक मेसेज फिरतो आहे. क्रोम सोडून दुसरा ब्राउझर घ्या म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, असं तो सांगतो आणि पाच कारणं देतो. सगळे ब्राउझर आतून क्रोमच असतात. सुरक्षितता फक्त मोठ्या कंपनीलाच परवडते. खासगीपणा हवा असेल तर इन्कॉग्निटो पुरे. जाहिराती नको असतील तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका, ते सगळीकडे सारखंच चालतं. आणि शेवटी, माहिती तर सगळेच विकतात, मग बदलायचं कशाला?

मला हा मेसेज घातक वाटतो. तो धडधडीत खोटा असता तर सोडून दिला असता. पण त्यात थोडं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर तो वाचणाऱ्याला हातावर हात ठेवून बसायला सांगतो. बँकेचा पासवर्ड, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, भावाशी चाललेल्या जमिनीच्या वादाबद्दल रात्री केलेला सर्च, हे सगळं एकाच ब्राउझरमधून जातं. तो कोणता असावा याचा विचारच करू नका, हा सल्ला मला मान्य नाही.

‘सगळे आतून क्रोमच.’ एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा आणि झोहोचा उला हे क्रोमियमवर बांधलेले आहेत, हे खरं. क्रोमियम म्हणजे गूगलने खुला ठेवलेला मूळ कोड. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन (इंजिन म्हणजे वेबपान उभं करून दाखवणारा ब्राउझरचा मुख्य भाग) २०१३ मध्ये सोडलं आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज आणला. पण फायरफॉक्स गेको नावाच्या वेगळ्या इंजिनवर चालतो आणि सफारी वेबकिटवर. आयफोनवर तर भारतात ॲपलच्या नियमामुळे क्रोमसुद्धा वेबकिटवरच चालतो. म्हणजे ‘आतून क्रोम’ हे तिथे खुद्द क्रोमलाही लागू पडत नाही.

पण इंजिनाची यादी हा या मुद्द्याचा छोटा भाग झाला. इंजिन एक असलं तरी त्यावर बसून निर्णय कोण घेतो, ते वेगवेगळं असतं. थर्ड पार्टी कुकी घ्या. तुम्ही बातम्यांच्या साइटवर असता आणि तिथे जाहिरात लावणारी तिसरीच कंपनी तुमच्या ब्राउझरमध्ये खूण ठेवते, मग तीच खूण बुटांच्या दुकानाच्या साइटवर आणि औषधांच्या साइटवर ओळखते. सफारीने मार्च २०२० मध्ये या कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवणं संगणकावर सर्वांसाठी आपोआप सुरू केलं. ब्रेव्ह क्रोमियमवरच आहे, पण तोही त्या मुळातच अडवतो. गूगलने जानेवारी २०२० मध्ये ‘दोन वर्षांत बंद करू’ असं जाहीर केलं, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. जिची कमाई मुख्यतः जाहिरातींवर आहे त्या कंपनीने असं करावं यात आश्चर्य नाही. पण ब्रेव्ह आणि क्रोम एकाच कोडवर उभे असून या बाबतीत उलट वागतात, हे ‘आतून सारखेच’ म्हणणाऱ्यांनी एकदा नीट पाहावं.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं, तेव्हा ‘ही साइट खरोखर तीच आहे’ याची हमी एक डिजिटल प्रमाणपत्र देत असतं. अशी प्रमाणपत्रं कोणी दिलेली ग्राह्य धरायची, याची यादी ब्राउझरकडे किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या काही डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या पत्त्यांसाठी, परस्परच प्रमाणपत्रं निघाली आहेत. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या यंत्रणेतून निघाली होती. एनआयसीच्या वर सीसीए या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या सरकारी नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर खालची सगळी ग्राह्य धरली जातात ते, होतं आणि ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्यामुळे विंडोजची यादी वापरणारे ब्राउझर अशी बनावट प्रमाणपत्रं खरी मानू शकत होते. क्रोमही तेव्हा विंडोजवर तीच यादी वापरायचा. गूगलच्या स्वतःच्या साइटांसाठी त्यात वेगळी तपासणी होती म्हणून त्या वाचल्या, पण इतर साइटांचा धोका उरलाच. फायरफॉक्सला यातलं काही लागलं नाही, कारण फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतःची यादी ठेवते आणि हे मूळ प्रमाणपत्र त्या यादीत नव्हतं. सीसीएने एनआयसीची प्रमाणपत्रं लगोलग रद्द केली, गूगलनेही क्रोममध्ये सीसीएच्या मूळ प्रमाणपत्रावर मर्यादा घातल्या. क्रोमने पुढे २०२२ मध्ये स्वतःची यादी आणली.

त्या जुलैत एकाच संगणकावर, एकाच विंडोजमध्ये दोन ब्राउझर उघडे असते, तर एक फसू शकला असता आणि दुसरा नाही. यापेक्षा मोठा फरक कोणता हवा?

हीच गोष्ट आज पुन्हा महत्त्वाची झाली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. ब्राउझरची स्वतःची विश्वासयादी असावी आणि तिच्यात सीसीएचं मूळ प्रमाणपत्र असावं, ही त्यातली एक मुख्य अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये झोहोला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. भारतीय कंपनीने ब्राउझर बनवला याचा मला मनापासून आनंद आहे, आणि कामाचा, घरचा, मुलांचा असे वेगवेगळे मोड ही उलाची सोय खरोखर उपयोगी आहे. पण ‘स्वदेशी आहे, डोळे मिटून घ्या’ असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: उलाही क्रोमियमवरच आहे, आणि ब्राउझर कोणावर विश्वास ठेवतो हे देशी ब्राउझरलाही विचारायचं असतं.

आता ‘सुरक्षितता फक्त मोठ्या कंपनीलाच परवडते’. मोठेपणाने सुरक्षितता येत असती तर इंटरनेट एक्सप्लोररचा तो काळ आलाच नसता. जवळपास सगळं जग तो वापरत होतं, आणि ऑगस्ट २००१ मध्ये सहावी आवृत्ती काढल्यावर मायक्रोसॉफ्टने सातवी काढली ती थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. मधल्या काळात लोकांनी पॉप-अप आणि घुसखोर टूलबार सोसले. फायरफॉक्स २००४ मध्ये आला आणि लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टला जाग आली.

यूसी ब्राउझर तर आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये होता. अलीबाबासारख्या अवाढव्य कंपनीचा, भारतात प्रचंड लोकप्रिय, कमी डेटात पान उघडून देणारा. कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने मे २०१५ मध्ये दाखवून दिलं की त्याची चिनी आवृत्ती फोनची आणि सिमची ओळख आणि ठिकाण, तर इंग्रजी आवृत्तीसुद्धा सर्च केलेले शब्द नीट कुलूपबंद न करताच पाठवते. त्यानंतरही तो वर्षानुवर्षं फोनमध्ये राहिला. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हाच तो हटला. पाच वर्षं! या पाच वर्षांत ‘ब्राउझर सगळे सारखेच’ या समजाने किती जणांची माहिती उघडी ठेवली असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पण छोट्या ब्राउझरची बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. ‘छोट्यांकडे हॅकर बघत नाहीत’ हे तर साफ चूक आहे. आर्क या देखण्या, तंत्रज्ञांच्या लाडक्या ब्राउझरमध्ये २०२४ मध्ये असं भोक सापडलं की दुसऱ्या कोणाच्याही ब्राउझरमध्ये आपला कोड चालवता आला असता. त्यासाठी त्या माणसाचा आर्कमधला यूजर आयडी कळणं पुरेसं होतं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) दोष निघाला, तो क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह सगळ्यांनाच लागू होता, कारण ती लायब्ररी सगळेच वापरत होते. गूगलने ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, मोझिलाने दुसऱ्याच दिवशी.

म्हणून ब्राउझर निवडताना कंपनीच्या आकाराआधी मी दुरुस्तीचा वेग पाहतो. क्रोमियममधला दोष गूगलने दुरुस्त केला की ती दुरुस्ती उघड्या कोडमध्ये दिसते. चोरही ती वाचतात. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षा अपडेट देतो. त्याच कोडवर चालणारा तुमचा ब्राउझर ती दुरुस्ती दोन दिवसांत देतो की दोन महिन्यांत, हे त्याच्या अपडेटच्या तारखांवरून कोणालाही पाहता येतं. एज, ब्रेव्ह, विवाल्डी यात चांगले आहेत. प्ले स्टोअरवर ‘फास्ट’, ‘लाइट’, ‘प्रो’ अशा नावांनी पडलेले अनोळखी ब्राउझर मात्र कोण चालवतं हेही कळत नाही. त्यांच्यापेक्षा क्रोम कधीही बरा.

एका बाबतीत क्रोमला श्रेय द्यायलाच हवं. एका साइटने दुसरीच्या पोटात डोकावू नये म्हणून प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे संगणकाच्या मेमरीतल्या वेगळ्या कप्प्यात, चालवण्याची सोय क्रोमने संगणकावर २०१८ मध्ये सर्वांना दिली. फायरफॉक्सला तिथे पोहोचायला २०२१ उजाडलं.

‘इन्कॉग्निटो पुरे.’ इन्कॉग्निटोमुळे तुमचा फोन हातात घेणाऱ्या दुसऱ्या माणसाला हिस्टरी दिसत नाही. काम संपलं! साइटला, ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला भरला गेला. २०२४ मधल्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं आणि इन्कॉग्निटो उघडताना दिसणारा मजकूरही बदलला. शाओमीच्या फोनमधला ब्राउझर तर इन्कॉग्निटोतही उघडलेल्या साइटांची माहिती सर्व्हरकडे पाठवतो, हे २०२० मध्ये उघडकीस आलं. कंपनीने आधी नाकारलं आणि मग ते बंद करण्याचं बटण दिलं. म्हणजे इन्कॉग्निटो किती खासगी, हेसुद्धा ब्राउझर कोणाचा यावरच ठरतं.

‘एक्स्टेन्शन सगळीकडे सारखंच.’ हे काही वर्षांपूर्वी चाललं असतं, आता नाही. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, त्याला मॅनिफेस्ट व्ही ३ म्हणतात. जुन्या नियमात एक्स्टेन्शन पानाने सर्व्हरकडे केलेली प्रत्येक विनंती जाण्याआधी स्वतः तपासून अडवू शकत होतं. नव्या नियमात त्याने ब्राउझरला आधीच यादी द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझरने करायचं. जून २०२४ पासून जुनी एक्स्टेन्शन क्रोममधून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि पाळत अडवणारं सर्वांत भरवशाचं एक्स्टेन्शनही त्यात गेलं. उरली ती त्याची हलकी ‘लाइट’ आवृत्ती. फायरफॉक्सने जुनी सोय कायम ठेवली, म्हणून पूर्ण युब्लॉक तिथे चालतं. ब्रेव्ह आणि विवाल्डीत अडवणारी यंत्रणा ब्राउझरमध्येच आहे. अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शन टाकताच येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं. ज्यांच्या घरी आईवडील फोनवर पंचांग किंवा पाककृती उघडतात आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असं ओरडणाऱ्या जाहिरातीवर घाबरून बोट ठेवतात, त्यांच्यासाठी हा फरक कागदावरचा नाही. अशा घरी मी अँड्रॉइडवर फायरफॉक्स आणि युब्लॉकच टाकायला सांगतो.

‘सगळेच विकतात.’ डाग सगळ्यांवर आहेत, हे मान्य. ब्रेव्हने २०२० मध्ये एका क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप करताना आपला कमिशनचा कोड गुपचूप जोडला. मोझिलाची बहुतेक कमाई गूगलला सर्च पेटीत जागा देण्यातून येते, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत माहिती न विकण्याच्या वचनाचे शब्द बदलल्यावर तिच्यावर टीकेची झोड उठली. पण ब्रेव्हची चूक पकडली गेल्यावर प्रमुखांनी माफी मागून ती सोय मुळातच बंद ठेवली, आणि मोझिलाला लोकांच्या रेट्यामुळे मजकूर पुन्हा लिहावा लागला. पर्याय शिल्लक असतात तेव्हाच कंपन्या अशा वाकतात.

राहिली बँकेची आणि सरकारी पोर्टलची अडचण, जी मेसेजमध्ये नाही पण विचारली हमखास जाते. काही साइट खरोखर क्रोममध्येच नीट चालतात. तेवढ्यासाठी क्रोम किंवा एज ठेवा आणि बाकी सगळं दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा. दोन ब्राउझर ठेवायला काही खर्च येत नाही. बुकमार्क आणि पासवर्ड नेण्याची सोय प्रत्येक चांगल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये आहे. मात्र पासवर्ड सीएसव्ही फाइलमधून नेलेत, तर काम झाल्याबरोबर ती फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. त्या फाइलमध्ये तुमचा प्रत्येक पासवर्ड साध्या अक्षरांत, कोणीही वाचावा असा लिहिलेला असतो.