सांगोला कधीच एका माणसाचं संस्थान नव्हतं

तो मेसेज परत फिरायला लागलाय. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभेबद्दलचा, वर आबासाहेबांचा म्हणजे गणपतराव देशमुखांचा फोटो. म्हणणं थोडक्यात असं, की सांगोल्याने एकाच माणसाला सलग ११ वेळा निवडून दिलं, ते कधी हरले नाहीत, हा देशातला रेकॉर्ड आहे, सगळं जातीच्या मतांवर झालं, आमदार कायम विरोधात बसला म्हणून तालुका कोरडा राहिला, आणि २०१९ ला त्यांचा नातू पडला तिथंच शेकाप, म्हणजे त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, संपला. निम्मे लोक कौतुकानं फॉरवर्ड करतायत, निम्मे टोमणा मारायला. मला आबासाहेबांबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच लिहितोय, कारण यात त्यांचाही इतिहास चुकलाय आणि ज्यांनी मतं दिली त्या माणसांचा तर पत्ताच नाही.

"सलग आणि अपराजित" हे तर सरळ चूक. पहिल्यांदा निवडून आले १९६२ ला, मग १९६७ ला. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना पाडलं. काकासाहेबांच्या निधनानंतर १९७४ ला पोटनिवडणूक लागली तेव्हा परत आले, नंतर १९७८, ८०, ८५, ९०. आणि मग १९९५, शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून उभे होते आणि फक्त १९२ मतांनी आबासाहेब पडले. १९२! एवढी मतं एखाद्या वाडीत निघतात. पुढं १९९९, २००४, २००९, २०१४ असे चार वेळा परत आले. मोजून बघा, ११ होतात, पण मध्ये दोन पराभव आहेत आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे. पडलेला माणूस त्याच गावांत, त्याच लोकांसमोर परत गेला आणि लोकांनी त्याला परत तपासून घेतलं, हे "कधीच हरले नाहीत" म्हटलं की गायब होतं.

देशातला रेकॉर्ड पण नाही. महाराष्ट्रातला आहे, तो म्हणा की अभिमानाने. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा जिंकले आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. करुणानिधींचं नाव घेऊन तुलना करतात तीही चुकीची, ते पण १३ वेळा निवडून आले होते, फक्त वेगवेगळ्या मतदारसंघांतून.

आता जातीचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त लागतो. आबासाहेब धनगर समाजाचे आणि सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे, हे कोण नाकारतंय? गावागावात जातीची गणितं मांडली जातात हेही खरंय. पण जर तेवढ्यावरच निकाल लागत असता तर १९७२ ला काय झालं, १९९५ ला काय झालं? तालुक्यातले समाज तर तेच होते ना, ते काय चार वर्षांसाठी दुसरीकडे राहायला गेले होते का? २०१९ चे आकडे बघा, शहाजीबापू ९९,४६४ आणि आबासाहेबांचे नातू अनिकेत देशमुख ९८,६९६, फरक ७६८ चा. जवळपास दोन लाख मतं अशी मधोमध फाटतात तेव्हा प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत दोन्हीकडं माणसं असतात, एका जातीची भिंत नसते. आणि गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला सांगोल्यात आलेले, म्हणजे इथं त्यांची पिढ्यानपिढ्यांची भावकी नव्हती की तिच्या जोरावर पहिली निवडणूक काढावी. शेकापही त्यांच्यापासून सुरू होत नाही. पक्ष १९४७ चा, केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी उभा केलेला, आणि १९५२ ला सोलापुरातून लोकसभेवर गेलेले शंकरराव मोरे शेकापचेच होते.

पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सांगोल्याचं राजकारण कळायचं तर आधी नकाशा बघावा लागतो. हा माणदेश, पर्जन्यछायेचा पट्टा. आटपाडीकडून माण नदी येते आणि तालुक्यातून भीमेकडं जाते, पण वर्षातले कितीतरी महिने ती नदी म्हणजे नुसती वाळू. उत्तरेला महूदच्या बाजूला नीरा उजव्या कालव्याचं पाणी पोचतं म्हणून तिकडं ऊस दिसतो, दक्षिणेला कोळे, हातीद, जवळा, घेरडीकडं गेलात की चित्र वेगळं, तिथं वर्षानुवर्षं मेंढरं, ज्वारी, खिल्लार आणि नंतर आलेलं डाळिंब. त्यात २००९ पासून मतदारसंघ म्हणजे फक्त तालुका नाही, पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग पण यात जोडलाय. म्हणजे एकाच आमदाराला कालव्यावरचा माणूस पण सांभाळायचा आणि टँकरची वाट बघणारा पण. "सांगोला असा मत देतो" असं एका वाक्यात कुणी सांगितलं की मला कळतं की हा माणूस महूदवरून घेरडीला कधी गेलेला नाही.

आमदार विरोधात म्हणून पाणी आलं नाही, हे मग कुठं बसतं? पहिली गोष्ट, ते कायम विरोधात नव्हतेच, १९७८ च्या पुलोद म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री होते आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारातही. दुसरी, कृष्णेचं पाणी इथं उतारानं येत नाही, ते उचलून आणावं लागतं. टेंभू योजना सुरू होते कराड तालुक्यात, तिथून टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवत पाणी माण नदीपर्यंत आणायचं, आणि म्हैसाळ योजनेचं पाणी कोरडा नदीकडं. यात पंप, वीजबिल, भूसंपादन, निधी सगळंच अडकतं, आणि वाटेतले सत्ताधारी आमदारांचे तालुके पण तितकीच वर्षं थांबले होते. उलट नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, आटपाडीला वर्षानुवर्षं हजारो शेतकरी जमवले, त्या रेट्याशिवाय या योजना कागदावरच राहिल्या असत्या असं माझं ठाम मत आहे. सत्तेत जास्त काळ असते तर लवकर झालं असतं का, यावर वाद घाला, तो रास्त वाद आहे. पण "काहीच केलं नाही" म्हणताना जिथं कापूस पिकत नाही त्या तालुक्यात उभी राहिलेली सहकारी सूतगिरणी तरी बघून या.

राहिलं शेकाप संपल्याचं. जुलै २०२१ मध्ये आबासाहेब गेले तेव्हा मलाही भीती वाटली होती. पण २०२४ ला शहाजीबापू सत्ताधारी आमदार म्हणून उभे, महाविकास आघाडीतल्याच ठाकरे गटानं दीपक साळुंखेंना मशाल देऊन उभं केलेलं, म्हणजे मित्रपक्षच समोर, आणि तरी डॉ. बाबासाहेब देशमुख २५ हजारांच्या वर मतांनी निवडून आले. नातू आहेत, घराणेशाहीचा प्रश्न विचारायचा तर जरूर विचारा, पण मग हेही धरा की दुसऱ्या नातवाला याच लोकांनी पाच वर्षांपूर्वी घरी बसवलं होतं. तुम्ही ज्याला संपलेला पक्ष म्हणताय त्याचा २०२४ ला राज्यभरात एकच आमदार आला, पक्षाचा जुना बालेकिल्ला असलेल्या अलिबागला पण नाही आला, आणि तो सांगोल्याचा आहे.