शंका घ्यावी, पण बेतानं

विज्ञान नाकारायला फार शिकावं लागतं, हा गैरसमज आधी काढून टाका. अभ्यास करणाऱ्यांची त्यात वर्षं जातात. तुम्हाला ‘मी स्वतः रिसर्च केलाय’ एवढं वाक्य पुरे. रिसर्च म्हणजे मध्यरात्री लोळत पाहिलेले व्हिडिओ, हे कुणाला सांगत बसू नका.

शंका जरूर घ्या, पण एकाच बाजूला. सरावासाठी लस बरी. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये अवघ्या बारा मुलांवरचा एक शोधनिबंध छापून आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचं नाव स्वमग्नतेशी जोडलं गेलं. तो उराशी धरा. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नंच तो मागे घेतला, मुख्य लेखकाची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणीही रद्द झाली, असं कुणी म्हणालंच तर ‘बघा, आवाज दाबला!’ म्हणून मोकळे व्हा. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या आणि असा काही संबंध आढळला नाही, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यावर शांतपणे विचारायचं, “पण बाकीच्या मुलांचं काय?” बारा मुलं भरपूर आणि साडेसहा लाख अपुरी, हे गणित एकदा जमलं की तुम्हाला कुणाच्या बापाची भीती नाही.

स्वतः काही सिद्ध करण्याच्या फंदात मात्र पडू नका. ‘शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही’ एवढी पुडी सोडली की काम झालं. धंदा जुना आहे. १९६९ मध्ये एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हाच आपला माल’ अशा अर्थाचं वाक्य चक्क लिहून ठेवलं होतं. (प्रामाणिक माणसं. निदान आपापसात तरी.)

अधूनमधून गॅलिलिओ काढावा. त्यालाही छळलंच होतं की! त्यानं १६१० मध्ये गुरूचे चंद्र रात्रीमागून रात्री पाहिले, त्यांच्या जागा टिपल्या आणि कुणालाही पडताळता याव्यात म्हणून छापल्या, तेवढं गाळा. वारसा छळाचा घ्यायचा, मेहनतीचा नाही.

एका प्रश्नापासून तेवढं जपा. एखादा खवचट माणूस विचारतो, “काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?” इथं भले भले गडबडतात. उत्तर देऊ नका, कारण दिलंत तर तो ते दाखवेल. “तुम्हीच शोधा ना” म्हणा आणि विषय बदला. लस संपली तर चंद्रावरचं पाऊल आहेच.