पायमिओच्या इमारतीने टीबी बरा केला नाही

फिनलंडमधल्या पायमिओच्या क्षयरोग रुग्णालयाबद्दलचा एक दावा मोठ्या हौसेने पुढे ढकलला जातो. त्याचा मथितार्थ असा: आल्व्हार आल्टो नावाच्या आर्किटेक्टने १९३३ साली असं सॅनेटोरियम उभं केलं की तिथे उजेड आणि हवा हेच औषध होतं, रोगी गोळ्यांविना बरे होत. खुर्चीसुद्धा फुफ्फुसं उघडणारी. सगळं पांढरंशुभ्र, आणि सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेलं. इमारत माझीही लाडकी आहे, म्हणून तर हे वाचून राहवत नाही.

आधी बरं होण्याचं बघू. पाइनच्या जंगलात, दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून बांधलेल्या बाल्कन्यांवर रोगी तासन्‌तास पडून राहत, थंडीतसुद्धा पांघरुणं लपेटून. विश्रांती, चांगलं जेवण, मोकळी हवा. यातून काहींना उतार पडायचा, कारण टीबी काही जणांत आपणहून आटोक्यात येतो. पण जंतू मारण्याची ताकद उन्हात पडून राहण्यात नव्हती. टीबीचे जंतू मारणारं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, म्हणजे रुग्णालय उघडल्यावर दहा वर्षांनी. दुसरं औषध, आयसोनियाझिड, १९५२ मध्ये.

आणि याचा निकाल लावला तो आपल्या देशातल्या एका अभ्यासाने. १९५६ मध्ये मद्रासला १९३ रुग्णांचे दोन गट केले. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. एक गट सॅनेटोरियमच्या खाटेवर, हवेशीर जागेत, चांगल्या जेवणावर. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, त्याहून हलक्या अन्नावर आणि रोजच्या कष्टांत. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले, दोन्हीकडचे परिणाम जवळपास सारखेच! इमारत काढून घेतली तरी औषध काम करत होतं. (मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आपल्याकडच्या आरोग्यधामांबद्दलही ‘तिथली हवाच औषधी’ असं जुनी माणसं म्हणत. हवा चांगली असेल, वाद नाही.) पायमिओतही तेच झालं. औषधं आली, टीबीचे रोगी घटले, १९६०च्या दशकात तिथे साधं रुग्णालय झालं आणि उन्हाच्या त्या बाल्कन्या बंद करून खोल्या काढल्या.

आता खुर्ची. बर्चच्या वाकवलेल्या प्लायवूडची ही खुर्ची सुरेखच आहे. पाठ कललेली, बसणाऱ्याला श्वास घ्यायला सोपं जावं हा हेतू. पण सोपं जाणं वेगळं आणि उपचार वेगळा. गंमत म्हणजे त्या काळच्या डॉक्टरांना फुफ्फुस ‘उघडायचं’ नव्हतंच. त्याला विश्रांती द्यायची म्हणून छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मुद्दाम मिटवत. खुर्चीचं खरं शहाणपण मला लाकडात दिसतं: तेव्हा फॅशन स्टीलच्या नळ्यांची होती, आणि आजारी माणसाच्या अंगाला लोखंड गार लागतं.

‘सगळं पांढरं’ हा समज बहुधा जुन्या कृष्णधवल फोटोंनी करून दिलेला. बाहेरून पांढरी आहे, खरं. आत जिन्याची फरशी पिवळीधमक, आणि रोग्याच्या खोलीचं छत गडद हिरवट. रंगांच्या कामात एइनो काउरिया या सजावटकाराचा हात होता. म्हणजे ‘एकाच माणसाचं डोकं’ तिथेच निकालात निघतं. आयनो आल्टो, आल्व्हार यांची पत्नी, स्वतः आर्किटेक्ट आणि कामातली भागीदार. तिचं नाव अशा मजकुरात कधीच नसतं. शिवाय नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमचं अशाच धाटणीचं झोनेश्ट्राल सॅनेटोरियम १९२८ मध्येच सुरू झालं होतं. पायमिओच्या आराखड्याची स्पर्धा आल्टोंनी जिंकली त्यानंतर, १९२९ मध्ये.

मग या इमारतीचं मोठेपण कशात? आडवं पडून बघा. आर्किटेक्ट खोली आखतो ती उभ्या माणसासाठी, पण रोगी महिनोन्‌महिने पाठीवर असतो आणि त्याच्यासमोर असतं ते छत. म्हणून ते गडद, डोळ्यांना न टोचणारं. दिवा अशा जागी की पडल्यापडल्या थेट डोळ्यांत येऊ नये. हॉस्पिटलात डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. उष्णता द्यायची सोयही छतातून, रोख पायांकडे, डोक्याला ताप नको म्हणून.

खोली दोघांची, पण हात धुवायचं बेसिन प्रत्येकाचं वेगळं. आणि त्या बेसिनचा आतला उतार असा तिरका बसवलेला की नळाची धार त्यावर घसरून जावी, आदळू नये. का, तर एकाने तोंड धुतलं तर शेजारी खोकून खोकून नुकताच डोळा लागलेला माणूस त्या आवाजाने जागा होऊ नये.