आजोबांचा चामखीळ आणि आठ जीबी रॅम

डिजिटल मूर्तिकामाचे कौतुक करणारे लोक नेहमी सांगतात की या कलेतली माती वाळून तडकत नाही, नखांत अडकत नाही आणि कधी संपत नाही. यांतली पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसऱ्यावर विश्वास ठेवून मी ८ जीबी रॅमच्या (म्हणजे चालू काम हाताशी ठेवायच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) लॅपटॉपवर आमच्या दिवंगत आजोबांचा अर्धपुतळा घडवायला घेतला, आणि तेव्हापासून मी मूर्ती कमी घडवतो व हिशेब जास्त करतो.

हा हिशेब समजावून सांगणे भाग आहे, कारण तो समजल्याशिवाय माझे दुःख कोणालाही समजत नाही. पडद्यावरची मूर्ती ही चौकोनी तुकड्यांची जाळी असते. सुरुवात साध्या घनापासून केली, तर त्याला ६ बाजू असतात. ‘सबडिव्हाइड’ म्हटले की प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन होतात आणि आकार गुळगुळीत होतो; एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही रीत आजही जगभर वापरली जाते. अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक पातळी: सहाचे चोवीस होतात, चोवीसचे शहाण्णव. एवढ्यावर डोके कोणते आणि हनुवटी कोणती हे फक्त घडवणाऱ्यालाच कळते. आठव्या पातळीवर ३,९३,२१६ चौकोन होतात, तेव्हा नाक, डोळे आणि मिशा घरच्यांना ओळखू येतात. दहाव्या पातळीवर ६२,९१,४५६ चौकोन होतात आणि कपाळावरच्या सुरकुत्या उमटतात. माझा लॅपटॉप इथपर्यंत पंखा फिरवत, कण्हत का होईना, पण येत होता आणि मीही समाधानी होतो. नेमकी त्याच वेळी आत्या आली.

तिने चष्मा पुसून पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “सगळं छान झालंय रे, पण अण्णांच्या नाकावरचा चामखीळ कुठे आहे?”

“आहे ना आत्या, हा काय उंचवटा.”

“हा उंचवटा झाला. चामखीळ खरखरीत होता.”

“तेवढ्या खरखरीसाठी आणखी एक पातळी चढावी लागेल.”

“मग चढ की! अण्णा रोज पर्वती चढायचे.”

अकरावी पातळी म्हणजे २,५१,६५,८२४ चौकोन. यातला अन्याय असा की चामखीळ नाकावर असला, तरी पातळी साऱ्या डोक्याची वाढते. पंगतीत एका पाहुण्याला मीठ कमी पडले म्हणून सगळ्यांच्या पानांत चारपट मीठ वाढावे, तसा हा प्रकार आहे. फेट्याची मागची बाजू, जी उद्या भिंतीकडे तोंड करून बसणार आहे आणि जिच्याकडे कुठलीही आत्या कधी पाहणार नाही, तिचेही प्रत्येक चौकोनामागे चार चौकोन होतात. आता चौकोनांच्या कोपऱ्यांचे बिंदूही जवळपास चौकोनांइतकेच असतात, आणि प्रत्येक बिंदू अवकाशात कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात आणि प्रत्येक आकड्याला ४ बाइट. म्हणजे नुसत्या जागा लिहून ठेवायलाच सुमारे ३० कोटी बाइट झाले. त्यावर सुमारे ५ कोटी कडा, कोणता चौकोन कोणत्या बिंदूंचा याची यादी आणि प्रत्येक बिंदूची दिशा. शिवाय अनडूचा वेगळा खर्च असतो, कारण मी चूक सुधारायला मागे जाईन या आशेने सॉफ्टवेअर माझ्या फटकाऱ्यांच्या आधीची अवस्था जपून ठेवते. सगळ्या चेहऱ्यावरून एकदा मोठा ब्रश फिरवला, की सगळा जुना चेहरा जपावा लागतो.

रॅम भरली की संगणक उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवू लागतो, आणि डिस्क कितीही नवी असली तरी रॅमच्या मानाने फार मंद असते. इथून पुढे जे घडते, ते दुर्दैवाने फार शांतपणे घडते. मी पेनाने नाकाचा शेंडा हलकेच ओढला. काहीच झाले नाही. म्हणून थोडा अधिक ओढला. तरीही काही नाही. मग जरा त्रासून आणखी दोन-तीनदा ओढला. बऱ्याच वेळाने सगळे फटकारे एकदम, आले त्याच क्रमाने आणि अत्यंत प्रामाणिकपणे लागू झाले, आणि आजोबांचे नाक छातीपर्यंत पोहोचले. मी घाईने अनडू केले, तर तीही आज्ञा रांगेत जाऊन उभी राहिली. ती बहिरी झाली आहे असे वाटून मी पुन्हापुन्हा दिली, आणि शेवटी रांग सरकली तेव्हा नाक तर मागे गेलेच, पण सकाळी मोठ्या कष्टाने जमवलेल्या मिशाही त्याच्याबरोबर गेल्या. मग पडदा पांढुरका पडला आणि वर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी अक्षरे उमटली. आजोबांना ओळखणाऱ्यांना यात नवीन काही वाटले नसते. दुपारी दोन ते चार ते कोणालाच प्रतिसाद देत नसत.

मग काटकसर सुरू झाली. ब्राउझर बंद केला. त्यात आजोबांचा एकमेव स्पष्ट फोटो उघडलेला होता, तेव्हा तो छापून आणून पडद्याला टेकवून ठेवला. फेटा लपवला, पण लपवलेली वस्तू पडद्यावर रेखाटण्याचे श्रम वाचतात, तिने अडवलेली जागा मोकळी होत नाही. ब्रश फिरेल तेवढ्याच जागी जाळी बारीक करणारी एक युक्तीही आहे, आणि चामखिळासाठी ती आदर्श म्हणावी लागेल. मात्र ती वापरली की खालच्या पातळ्या उरत नाहीत, मोठे आकार तर तिथेच सहज बदलता येतात, आणि आमच्या काकांनी जबडा रुंद झाल्याचे त्याच आठवड्यात जाहीर केले होते. नॉर्मल मॅप नावाची तिसरी सोय केवळ प्रकाशाला फसवते: पडद्यावर खरखर दिसते, प्रत्यक्षात पृष्ठभाग गुळगुळीतच असतो. पुतळा थ्रीडी प्रिंट करायचा असल्याने, आणि आत्या बोट फिरवून पाहणार असल्याने, ती बाद झाली.

रॅम वाढवावी म्हणून संगणकाच्या दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी लॅपटॉप उघडला आणि आदराने मिटला. “साहेब, ही बोर्डवर सोल्डर केलेली आहे. वाढत नाही. गेमिंगचा नवा घ्या, ग्राफिक्स कार्ड जबरदस्त येतं.” मी त्यांना सांगितले की झीब्रशसारख्या नामांकित सॉफ्टवेअरनेसुद्धा मूर्तिकामाचा भार वर्षानुवर्षे ग्राफिक्स कार्डावर न टाकता प्रोसेसरवरच ठेवला. शिवाय २०१५ च्या सुमारास ६४ बिटची आवृत्ती येईपर्यंत ते ३२ बिटचेच होते आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढेच पत्ते मावतात; त्यामुळे १६ जीबी विकत घेणाऱ्या मूर्तिकारालाही त्यातल्या बारांचा त्या कामात काही उपयोग नसे. या माहितीने मला धीर आला होता. गृहस्थांना आला नाही.

शेवटी चामखीळ झाला. अकराव्या पातळीवर, छिद्रांसकट, एकेक फटकारा मारून आणि मधल्या वेळात वर्तमानपत्र वाचून. फाइल घेऊन प्रिंटिंगवाल्या मुलाकडे गेलो. चौकोनाचे दोन त्रिकोण आणि एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगसाठी द्यायच्या, फाइलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट, अशी ती अडीच जीबीची झाली होती. “काका, ही आमच्याकडे उघडणारच नाही. हलकी करून आणा.” घरी येऊन हलकी करायला घेतली, तेव्हा कळले की जाळी हलकी करण्याच्या कामालाही भरपूर रॅम लागते, कारण कोणता तुकडा गाळावा हे ठरवायला आधी सगळे तुकडे समोर मांडावे लागतात. पडदा पुन्हा पांढुरका पडला.

मुलाने मग फोनवर शांतपणे विचारले, “पुतळा पंधरा सेंटीमीटरचाच ना? आमच्या प्रिंटरचं नोझल, म्हणजे प्लास्टिक सोडणारी तोटी, ०.४ मिलिमीटरचं आहे. त्याहून बारीक काही उमटत नाही.” मी कागद घेऊन बसलो. पंधरा सेंटीमीटरच्या पुतळ्यावर आठव्या पातळीचा एकेक चौकोन साधारण ०.४ मिलिमीटरचाच भरत होता. आठव्या पातळीची फाइल ३९ एमबीची झाली. ती त्याच्याकडे पाहता पाहता उघडली.

आत्याने पुतळा हातात घेऊन नाकावरून बोट फिरवले. प्रिंटरचे थर एकावर एक चढताना राहिलेल्या रेषा बोटाला लागत होत्या. “आता कसा खरखरीत लागतोय!” ती प्रसन्न होऊन म्हणाली, आणि मग पुतळा उजेडाकडे वळवून तिने डोळे बारीक केले. “पण काय रे, अण्णांच्या कानांवर केस होते ना?”