लाल पेन, लाल दिवा

मराठी कादंबरीकाराला लिहायला बारा महिने मोकळे असतात, छापायला मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच. दिवाळी अंकांच्या तडाख्यातून संगणकावर पानं जुळवणारे डीटीपीवाले नुकते सुटलेले असतात, डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो आणि प्रकाशकाला त्याआधी पुस्तक हातात हवं असतं. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी मिळते, पवना धरणाच्या काठावर थंडी पडते आणि घरातली बहुसंख्य मतं तंबूच्या बाजूने पडतात. घरात लोकशाही असली की लेखक कायम विरोधी पक्षात. मग प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, पिशवीत कोंबायची आणि निघायचं.

तंबू कुटुंबाने मिळून उभारायचा असतो, म्हणजे एकाने उभारायचा आणि बाकीच्यांनी सूचना करायच्या. पाण्याच्या अगदी कडेला जागा धरू नये. फोटो छान येतात, पण रात्री थंड हवा उतरून खोलगट जागीच साचते. दहा-पंधरा पावलं चढावर जावं, दार वाऱ्याकडे पाठ करून ठेवावं. खालचं प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं लहान हवं, बाहेर डोकावलं की कडांवरून ओघळणारं दव त्यावर जमतं आणि थेट अंथरुणाखाली शिरतं. दांड्या खोचताना ढकलायच्या, ओढायच्या नाहीत. ओढल्या की आतल्या इलॅस्टिकवर त्या सांध्यात सुटतात आणि कापडाच्या नळीत अडकून बसतात. खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. काठावरचा मुरूम हिवाळ्यात असा घट्ट होतो की अॅल्युमिनियमची खुंटी तिसऱ्या घावाला प्रश्नचिन्ह होते. तिथे भांडत बसू नये, दोरी सरळ धोंड्याला बांधावी.

आता प्रूफं. ती लेझर प्रिंटरवर काढलेली असावीत. 'चार माणसांच्या' तंबूत खरोखरच चार माणसं झोपली (कंपनीने ती बहुधा पोटातला श्वास रोखून मोजलेली असतात) की पहाटेपर्यंत सगळ्यांच्या श्वासाची वाफ कापडाला आतून लागते आणि ठिबकते. इंकजेटची प्रूफं असतील तर सहावं प्रकरण सातव्यात वाहून जातं. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर वाफ बाहेर जाते. पण 'थंडी वाजतेय' म्हणून त्या कोणीतरी बंद करतंच.

किडे नकोत म्हणून जाणकार मंडळी हेडलॅम्पचा लाल दिवा लावतात. लावावा, फक्त त्या उजेडात लाल पेन चालवू नये. लाल प्रकाशात पांढरा कागदही लाल आणि लाल शाईही लाल. आपण तासभर काढलेल्या खुणा आपल्यालाच दिसत नाहीत, आणि सकाळी उन्हात पाहावं तर एकाच ओळीतली वेलांटी तीनदा दुरुस्त केलेली असते. हिरवं पेन न्यावं. नजर ठेवावी ती 'ऱ्य'वर. युनिकोडातला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये ओतला की हे अक्षर हमखास घसरतं आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत हिंडणारा नायक दर्यात हिंडू लागतो.

खरा धोका मात्र वेगळाच. धरणाकाठी रात्र चढली, शेकोटी विझत आली की लेखकाला शेवट आणखी खोल करावासा वाटतो. करू नये. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. 240 पानं म्हणजे बरोबर 15 फॉर्म. एक परिच्छेद वाढला आणि 241 वं पान उजाडलं, की एक तर पंधरा कोरी पानं विकत घ्यायची, नाहीतर आधीची एक पूर्वस्मृती कापायची. प्रकाशकाला आपली पूर्वस्मृती कधीच आवडलेली नसते, त्यामुळे निर्णय चटकन होतो. त्यातच ऐनवेळी 70 ऐवजी 80 ग्रॅमचा कागद आला तर स्पाइन, म्हणजे पुस्तकाची पाठ, दीडएक मिलिमीटर जाड होते आणि तिच्यावरचं लेखकाचं नाव मध्यावरून सरकू लागतं. वजन वाढल्याचं हे एकच उदाहरण, ज्याबद्दल लेखक चित्रकाराशी भांडतो.

पुस्तक छापून झालं की प्रकाशन समारंभ रविवारी संध्याकाळी ठेवतात आणि तंबू आणखी एका सहलीहून त्याच सकाळी ओलाच परत येतो. ओला गुंडाळून ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास धरतो, म्हणून तो हॉलभर पसरलेला असतानाच गावाहून पाहुणे येतात. त्यांना त्याच्याभोवती बसवून चहा द्यावा. खरी परीक्षा पुढे सभागृहात आहे.

बाइंडिंगहून गरम-गरम आलेल्या प्रती त्याच दिवशी पाहुण्यांच्या हाती देऊ नयेत. डिंक पुरता बसायला एक दिवस तरी लागतो, तोवर पुस्तक 180 अंशांत उघडलं की पान सुटून हातात येतं. मॅट लॅमिनेशनचं मुखपृष्ठ एका बाजूलाच प्लास्टिक असल्याने दमट हवेत वळतं, म्हणून गठ्ठे वजनाखाली ठेवावेत. प्रकाशनासाठी बांधलेल्या फितीला सुरगाठ हवी. पक्की गाठ आणि वर सेलोटेप असेल, तर अध्यक्ष दातांचा विचार करू लागतात आणि छायाचित्रकार नेमका तोच क्षण टिपतो. समईच्या वाती आधीपासून तेलात भिजवाव्यात आणि पंखा बंद करणारा माणूस नेमावा, 'कोणीतरी करेल' हा माणूस समारंभाला येत नाही.

सही करताना नाव विचारू नये, प्रतीत चिठ्ठी घालून आणायला सांगावं. नाहीतर शाळेतले सर समोर उभे राहून 'ओळखलंस का?' म्हणतात आणि रांग थांबते. जेल पेन टाळावं. शाई ओली असताना पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर सही उलटी उमटते.

भेट प्रती मागणाऱ्यांवर इलाज नाही. पण 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. म्हणजे कायद्यानेच चार ठिकाणी पुस्तक पोचतं. तीही फुकटच घेतात, पण निदान 'वाचून सविस्तर कळवतो' असं म्हणत नाहीत.