कोपरावरचा चट्टा

आज सोसायटीच्या योगवर्गात एक बाई आईला म्हणाल्या, "काकू, तुमची सतरंजी त्या कडेला टाका ना जरा. अंगावर उठलंय ना तुमच्या." आईने सतरंजी गुंडाळली, घरी आली आणि माझा जुना पूर्ण बाह्यांचा कुर्ता शोधायला लागली. या उकाड्यात! डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

ते गजकर्ण नाही हो, आणि कुणाला लागतही नाही. इंट्रालिम्फॅटिक हिस्टिओसायटोसिस असं लांबलचक नाव आहे त्याचं. कातडीतल्या लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, फुगतात, त्यांत हिस्टिओसाइट नावाच्या संरक्षक पेशी साठतात आणि वर लालसर, जाळीसारखा चट्टा उठतो, बहुतेकदा दुखऱ्या सांध्याजवळ. आमवातवाल्यांना होतो, धातूचा सांधा बसवलेल्यांनाही. आईचा आमवात चौदा वर्षांचा.

तरी आठ महिने आम्ही गजकर्णाची मलमं चोळली. पहिलं केमिस्टने दिलं, दुसरं डॉक्टरांनी. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, कातडीवाल्यांना दाखवा. कातडीवाल्यांनी सांध्यांचं विचारलंच नाही. कोपर एकच, फाइली दोन! आईची बोटं करंगळीकडे वळलीत, साडीच्या निऱ्या घालणं सुटलंय तिचं. पण सगळे बघणार फक्त चट्ट्याकडे.

शेवटी एका तरुण डॉक्टरणीने कोपराकडे वळण्याआधी आईचा हात हातात घेतला. बोटांवरून अंगठा फिरवत विचारलं, "आजी, सकाळी मूठ वळते का?" आई रडायलाच लागली. बायॉप्सी मग झाली.

बरं, १९९४ साली पहिल्यांदा नोंदला गेलेला दुर्मीळ आजार, प्रत्येकाला कुठून माहीत असणार, मान्य. पण वाकडी बोटं दिसायला कसली पदवी लागते?

यावर ठरलेला असा उपचार नाही. आमवाताच्या गोळ्या चालू आहेत, चट्टा कधी फिकटतो, कधी पुन्हा उठतो. जिवाला धोका नाही. "मग एवढं काय मनावर घेता?" असं आमच्या नणंदबाई म्हणाल्या. त्यांना उत्तर दिलं नाही, इथेच वाचतील.

त्या योगवर्गातल्या बाईंच्या घरी तान्हा नातू आहे, हे आत्ता लिहिताना आठवलं. घाबरल्या असतील. ठीक आहे. पण "काकू, काय झालंय हो हे?" एवढं विचारलं असतं, तर आईनेच सगळं सांगितलं असतं. त्या डॉक्टरणीची मुठीची गोष्ट तर ती दूधवाल्यालासुद्धा सांगायची.

आता मेथी निवडत बसलीय, बाह्या कोपराच्या वर सरकवून. मघाशी बेल वाजली. दूधवालाच होता. दार उघडण्याआधी तिने बाही मनगटापर्यंत ओढली.